मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय? डोळ्यात बसवायची लेन्स निवडण्याआधी हे करा

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की बहुतेक दवाखान्यांत डॉक्टरांच्या खोलीतून तुम्हाला समुपदेशकाच्या टेबलाकडे पाठवतात. तिथे एक रंगीत तक्ता पुढे येतो. पाच-सहा लेन्सची नावं, प्रत्येकीपुढे रक्कम, आणि प्रश्न एकच : "काकांना कोणती बसवायची?" सोबत आलेला मुलगा मधल्या रकान्यावर बोट ठेवतो. सर्वांत स्वस्त घ्यायला मन धजत नाही आणि सर्वांत महाग झेपत नाही. दहा-पंधरा मिनिटांत घेतलेला हा निर्णय मग जन्मभर डोळ्यात राहतो.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात लेन्सचा नंबर मोजण्याचं काम करतो. ऑपरेशननंतर समाधानी असलेली माणसं पाहतो, तशी "इतके पैसे भरले तरी वाचता येत नाही" म्हणणारीही पाहतो. नाराज माणसांच्या डोळ्यातली लेन्स बहुतेक वेळा चांगलीच असते. त्यांच्या कामाला किंवा त्यांच्या डोळ्याला ती जुळणारी नसते, एवढंच. म्हणून या लेखात किमतीचा तक्ता मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. त्याआधीच्या गोष्टी क्रमाने करा.

आधी हे पाहा : घाई आहे का?

बहुतेक वेळा नसते. मोतीबिंदू हळूहळू वाढतो आणि महिना-दोन महिने विचार केल्याने डोळ्याचं नुकसान होत नाही. रोजच्या कामात अडचण यायला लागली, रात्री समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांत पसरायला लागला, चष्म्याचा नंबर सारखा बदलायला लागला की ऑपरेशनची वेळ झाली असं समजा. "पिकू द्या, मग काढू" हा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनच्या काळातला आहे. आज पूर्ण पिकलेला, पांढरा झालेला मोतीबिंदू काढणंच जास्त अवघड जातं. तो फार फुगला किंवा गळायला लागला तर डोळ्याचा दाब वाढून डोळा लाल होतो, ठणकतो. तसं झालं तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

डोळ्यात नेमकं काय होतं

बाहुलीच्या मागे एका पातळ पारदर्शक पिशवीत आपलं नैसर्गिक भिंग असतं. ते धुरकट होणं म्हणजे मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये पिशवीला पुढून गोल छिद्र पाडून आतलं भिंग काढतात, पिशवी तशीच ठेवतात आणि तिच्यात कृत्रिम लेन्स बसवतात. लेन्सचा मधला गोल भाग साधारण ६ मिलिमीटरचा, आणि ती जागेवर राहावी म्हणून तिला दोन बारीक हात.

ही कल्पना लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या हॅरॉल्ड रिडली यांची. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटचं अॅक्रिलिक फुटून काही वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे घुसले होते. ते तुकडे आत राहूनही डोळा त्यांना फारसा विरोध करत नाही, हे रिडलींच्या लक्षात आलं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवली. त्याआधी मोतीबिंदू काढला की जन्मभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावावा लागे. आपल्याकडे तर हे चष्मे त्यानंतरही कित्येक वर्षं घरोघरी होते.

पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत सहा-सात मिलिमीटरचा बोगद्यासारखा छेद घेऊन भिंग अखंड बाहेर काढतात. यालाच आपल्याकडे बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणतात. दुसरी फेको. तिच्यात अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंगाचे तुकडे करून ते ओढून घेतात. लहान छेदातून लेन्स आत जायची तर ती घडी होणारी हवी, म्हणून फेकोसोबत फोल्डेबल लेन्स येते. कडक मोतीबिंदूसाठी कसलेल्या हातांनी केलेली पहिली पद्धतही उत्तम नजर देते. सरकारी रुग्णालयांत आणि शिबिरांत लाखो लोकांना तिनेच दिसायला लागलं आहे, तेव्हा तिला कमी लेखू नका.

पायरी पहिली : आपला दिवस कागदावर लिहा

ही पायरी कुणी करत नाही, आणि सगळं अडतं ते इथेच.

तरुण डोळ्याचं भिंग आपला आकार बदलतं, म्हणून जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसतं. चाळिशीनंतर ही ताकद जाते. कृत्रिम लेन्स आकार बदलत नाही. त्यामुळे तुम्हाला सर्वांत जास्त कोणत्या अंतरावरचं विनाचष्मा दिसायला हवं, हे आधी ठरवावं लागतं. पुस्तक, पोथी, सुईदोरा, तांदूळ निवडणं हे ३५ ते ४० सेंटिमीटरवर. कॉम्प्युटर, ओट्यावरचा स्वयंपाक, दुकानातला गल्ला हे ६० ते ८० सेंटिमीटरवर. रस्ता, टीव्ही, एसटीची पाटी हे लांबचं.

एक दिवसभर लिहून काढा : सकाळपासून रात्रीपर्यंत डोळ्यांनी काय काय केलं, किती वेळ, कुठल्या उजेडात. रात्री गाडी चालवता का? ट्रक, रिक्षा किंवा एसटी चालवणं हाच व्यवसाय आहे का? पहाटेच्या अंधारात शेतावर जाता का? आणि सर्वांत महत्त्वाचं : चष्मा लावायचा तुम्हाला खरंच त्रास होतो का? चाळीस वर्षं चष्मा वापरलेल्या माणसाला वाचताना तो लावण्यात काही वाटत नाही. एखाद्याला मात्र तो नकोसा झालेला असतो. दोघांना एकच सल्ला देता येत नाही. आईसाठी निवडत असाल तर आईला विचारा. तिच्या वतीने "तिला काय, घरीच तर असते" असं म्हणू नका. घरातच सर्वांत जास्त जवळचं काम असतं.

हा कागद डॉक्टरांना दाखवा. पाच मिनिटांच्या भेटीत त्याचा फार उपयोग होतो.

पायरी दुसरी : बाकीचा डोळा निरोगी आहे का ते तपासून घ्या

लेन्स कितीही चांगली असली तरी प्रतिमा पडते ती मागच्या पडद्यावर. पडदाच खराब असेल तर महागड्या लेन्सचे पैसे वाया जातात, आणि काही लेन्समुळे नजर आणखी फिकी वाटते. म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडद्याची तपासणी व्हायलाच हवी. मल्टिफोकलचा, म्हणजे एकाहून जास्त अंतरांचं दाखवणाऱ्या लेन्सचा, विचार असेल तर पडद्याच्या मध्यभागाचा ओसीटी स्कॅन (प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) करून घेण्याचा आग्रह धरा. मोतीबिंदू इतका दाट असेल की पडदाच दिसत नाही, तर सोनोग्राफी करतात. अशा वेळी पडद्याबद्दल पक्कं सांगता येत नसल्याने साधी लेन्स घेणंच शहाणपणाचं.

मधुमेह असलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. पडद्यावर सूज असेल तर ऑपरेशननंतर ती वाढू शकते, म्हणून आधी तिच्यावर उपचार आणि मग मोतीबिंदू. काचबिंदू असेल, पडद्याचा मध्यभाग झिजला असेल किंवा कॉर्नियावर म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक भागावर डाग असेल, तर मल्टिफोकल लेन्सला माझं उत्तर सरळ नाही असं आहे.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असाल किंवा पूर्वी घेतली असेल, तर ते आवर्जून सांगा. या औषधाने बुबुळ सैल पडतं आणि ऑपरेशनमध्ये बाहुली नीट उघडी राहत नाही. आधी कळलं तर सर्जन त्याची तयारी ठेवतो. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारूनच काय ते ठरवा.

पायरी तिसरी : मोजमाप. इथे वेळ द्या

डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची गोलाई मोजून, ती सूत्रात घालून, लेन्सचा नंबर काढतात. बऱ्याच डोळ्यांना वीस-एकवीसच्या आसपासच्या नंबरची लेन्स लागते, पण सरासरीवरून कुणाच्या डोळ्यात लेन्स बसवता येत नाही. डोळ्याची लांबी साधारण साडेतेवीस मिलिमीटर असते. ती मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली तर ऑपरेशननंतर अडीच ते तीन नंबरचा चष्मा लागू शकतो. म्हणजे तक्त्यावरची सर्वांत महाग लेन्ससुद्धा चुकीच्या मोजमापाने निकामी ठरते, आणि साधी लेन्स अचूक मोजमापाने लख्ख दिसायला लावते. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

लांबी मोजायचे दोन मार्ग आहेत. एकात प्रकाशाने, डोळ्याला हात न लावता मोजतात. शक्य असेल तिथे हाच घ्या. दुसऱ्यात ध्वनिलहरींचं पेनासारखं साधन कॉर्नियाला टेकवून मोजतात. टेकवताना थोडं दाबलं गेलं तर डोळा प्रत्यक्षापेक्षा आखूड मोजला जातो, लेन्स जास्त नंबरची निघते आणि माणसाला नंतर लांबचं धूसर दिसतं. फार दाट मोतीबिंदूतून प्रकाश पार जात नाही, तेव्हा ध्वनिलहरींशिवाय पर्याय नसतो. मग मोजणाऱ्याने घाई न करता अनेक वाचनं घ्यायला हवीत.

मोजमापाच्या दिवशी काय पाहायचं? कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स निदान आठवडाभर आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद हव्यात, कारण त्यांनी कॉर्नियाचा आकार बदललेला असतो. डोळे कोरडे असतील तर गोलाईचं माप दर वेळी वेगळं येतं. अशा वेळी काही आठवडे कोरडेपणाचे थेंब टाकून पुन्हा मोजावं. मोजमाप शक्यतो इतर थेंब टाकण्याआधी आणि डोळ्याला काही टेकवण्याआधी करतात. एकाच डोळ्याचं ऑपरेशन असलं तरी दोन्ही डोळे मोजतात आणि दोघांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा तपासतात. हे सगळं होतंय का, हे तुम्ही शेजारी बसून पाहू शकता. विचारलं म्हणून चांगला तंत्रज्ञ रागावत नाही. मला तर विचारणारे लोक आवडतात.

पूर्वी चष्मा घालवायचं लेसर, म्हणजे लॅसिक, झालेलं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. लेसरने कॉर्नियाची गोलाई बदललेली असते आणि नेहमीची सूत्रं चुकीचा नंबर देतात. त्यासाठी वेगळी सूत्रं आहेत. लेसरच्या आधीचे कागद, निदान जुना चष्म्याचा नंबर मिळाला तर शोधून न्या. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लेसर केलेली पिढी आता मोतीबिंदूच्या वयात येते आहे आणि अनेकांना ते सांगायचंच सुचत नाही.

डोळा फार लांब, म्हणजे मोठ्या मायनस नंबरचा, किंवा फार आखूड असेल तर कोणतं सूत्र वापरणार हेही विचारा. बॅरेट युनिव्हर्सल २ हे सूत्र आज बऱ्याच ठिकाणी वापरतात आणि लांब-आखूड दोन्ही डोळ्यांत ते जुन्या सूत्रांपेक्षा विश्वासाचं वाटतं.

पायरी चौथी : किती अंतरांचं दिसायला हवं?

आता लेन्सचे प्रकार.

*मोनोफोकल.* एकाच अंतरावर स्पष्ट. बहुतेकांच्या डोळ्यात ती लांबच्यासाठी ठेवतात आणि वाचायला दोन-अडीच नंबरचा चष्मा लागतो. त्या एका अंतरावर हिच्याइतकी स्वच्छ, ठसठशीत प्रतिमा दुसरी कोणतीही लेन्स देत नाही. रात्रीच्या दिव्यांचा त्रास सर्वांत कमी. देशातल्या बहुसंख्य लोकांना हीच लेन्स बसते आणि बहुसंख्य लोक तिच्यावर खूश असतात. "साधी" म्हणून तिच्याकडे पाहू नका.

पण मोनोफोकल घेतानाही निवड करायची असते, हे कुणी सांगत नाही. जन्मभर मायनस तीन नंबर असलेला माणूस चष्मा काढून पेपर वाचतो. त्याची ती सवय इतकी मुरलेली असते की तो तिचा उल्लेखही करत नाही. त्याच्या डोळ्यात लांबच्यासाठी लेन्स ठेवली की लांबचं छान दिसतं, पण चष्मा काढून वाचायचं सुख जातं आणि माणूस हिरमुसतो. अशांना डॉक्टर मुद्दाम मायनस अडीचच्या आसपास ठेवू शकतात. मग वाचायला चष्मा नको, लांबचं पाहायला हवा. तुम्ही मायनस नंबरवाले असाल तर हा प्रश्न स्वतःहून काढा.

दुसऱ्या डोळ्याचाही विचार लागतो. एक डोळा शून्यावर आणला आणि दुसरा मायनस आठच राहिला, तर चष्म्याने दोन्ही डोळ्यांची सांगड बसत नाही, चक्कर आल्यासारखं होतं. मग दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर करावं लागतं, किंवा मधल्या काळात तिथे कॉन्टॅक्ट लेन्स. घरच्यांनी पैशांची आणि रजेची सोय त्या हिशोबाने लावावी.

दोन मोनोफोकल लेन्स थोड्या वेगळ्या नंबरवर ठेवण्याचाही मार्ग आहे : एक डोळा लांबच्यासाठी, दुसरा मायनस एक-सव्वाच्या आसपास. त्याने मोबाइल, किमतीची चिठ्ठी, जेवणाचं ताट विनाचष्मा निभतं. सगळ्यांना हे मानवत नाही. मोतीबिंदू फार वाढलेला नसेल तर आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून करून पाहता येतं. कमी खर्चात बऱ्यापैकी चष्मामुक्ती देणारा हा मार्ग आहे आणि त्याची चर्चा टेबलावर फार कमी होते.

*मल्टिफोकल आणि ट्रायफोकल.* या लेन्सवर अतिशय बारीक गोल कडा असतात. त्या आत येणारा प्रकाश दोन किंवा तीन अंतरांसाठी वाटतात. एक भाकरी तिघांत वाटली की प्रत्येकाच्या ताटात कमीच येणार, तसंच इथे होतं : प्रत्येक अंतराच्या वाट्याला कमी प्रकाश. भर उजेडात ते जाणवत नाही. मंद उजेडात, फिक्या छपाईत जाणवतं. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत त्यांची सवय होते, थोड्यांना होत नाही. डोळा निरोगी, रात्रीचं ड्रायव्हिंग कमी, चष्म्याचा मनापासून कंटाळा, आणि थोडं जुळवून घ्यायचा स्वभाव असेल तर या लेन्सने माणसं फार आनंदी झालेली मी पाहिली आहेत. रात्रपाळीच्या चालकाला किंवा बारीकसारीक दोषाने बेचैन होणाऱ्याला मात्र मी सुचवणार नाही. "चष्मा शंभर टक्के जाणार" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर पुढचा प्रश्न विचारा : बारीक औषधाची चिठ्ठी रात्री वाचता येईल का?

*ईडॉफ.* म्हणजे स्पष्ट दिसण्याचा पल्ला वाढवणारी लेन्स. ही मधली वाट. लांबचं आणि हाताच्या अंतरावरचं, म्हणजे कॉम्प्युटर, ओटा, डॅशबोर्ड, चांगलं दिसतं. बारीक वाचायला हलका चष्मा लागतो. कड्यांचा त्रास ट्रायफोकलपेक्षा साधारणपणे कमी. दिवसभर स्क्रीनपुढे बसणाऱ्यांनी हिची चौकशी जरूर करावी. सुधारित मोनोफोकल म्हणून मिळणाऱ्या लेन्स याच दिशेने थोडंसं पाऊल टाकतात, साध्या मोनोफोकलच्या जवळ राहून.

टोरिक लागते का?

कॉर्निया एका दिशेला जास्त वाकलेला असेल तर सिलिंडर नंबर येतो. तो साधारण एक किंवा त्याहून जास्त असेल आणि लांबचं विनाचष्मा दिसायला हवं असेल, तर हा सिलिंडर भरून काढणाऱ्या टोरिक लेन्सचा विचार करावा. टोरिक मोनोफोकलमध्येही येते, मल्टिफोकलमध्येही. माझं मत विचाराल तर हातात जास्तीचे पैसे असतील आणि सिलिंडर मोठा असेल, तर ते आधी टोरिकवर खर्च करा, मल्टिफोकलचं नंतर बघू. सिलिंडर तसाच ठेवून मल्टिफोकल बसवली तर कोणत्याच अंतरावर धड दिसत नाही.

एक खबरदारी. चष्म्यातला सिलिंडर आणि कॉर्नियाचा सिलिंडर एकच नसतो. चष्म्यातला काही भाग नैसर्गिक भिंगामुळे आलेला असू शकतो आणि ते भिंग तर आता निघणारच आहे. म्हणून टोरिकचा निर्णय चष्म्याच्या चिठ्ठीवरून घेत नाहीत, कॉर्नियाच्या मोजमापावरून घेतात.

टोरिक लेन्स ठरलेल्या अक्षावरच बसावी लागते. एक अंश फिरली तर सुमारे तीन टक्के परिणाम कमी होतो, तीस अंश फिरली तर काहीच उरत नाही. आडवं झोपल्यावर डोळा किंचित फिरतो, म्हणून ऑपरेशनआधी तुम्हाला बसवून डोळ्यावर खूण करतात किंवा यंत्राने अक्ष पकडतात. नंतर फिरलेली आढळली तर पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा जागेवर आणता येते.

साहित्य, रंग, देशी-परदेशी

यावर फार डोकं शिणवू नका. फोल्डेबल लेन्स मुख्यतः दोन प्रकारच्या अॅक्रिलिकच्या : पाणी न धरणारं हायड्रोफोबिक आणि पाणी धरणारं हायड्रोफिलिक. पहिल्यात काही काळाने लेन्समागची पिशवी धुरकट होण्याचं प्रमाण कमी असतं. दुसऱ्यात क्वचित कॅल्शियमचे कण साचतात, विशेषतः डोळ्यात नंतर हवा किंवा गॅस भरायची वेळ आली तर. परवडत असेल तर हायड्रोफोबिक, चौकोनी कडेची (कड गोलसर नसून काटकोनी असलेली) घ्या. पिवळसर छटेच्या लेन्सने पडद्याचं आयुष्य वाढतं असा ठोस पुरावा मिळालेला नाही, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. लेसरने छेद घेण्याच्या ऑपरेशनचंही तसंच : मोठ्या तुलनात्मक अभ्यासांत शेवटची नजर साध्या फेकोपेक्षा सरस आढळली नाही.

देशी लेन्सबद्दल शंका घेणाऱ्यांना मी मदुराईचं उदाहरण देतो. डॉ. गो. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. परदेशी लेन्स गरिबांना परवडेना, तेव्हा १९९२ मध्ये त्याच परिवारात ऑरोलॅब उभी राहिली आणि तिथल्या लेन्स आज जगातल्या अनेक देशांत जातात. लेन्स कुठे बनली यापेक्षा तुमच्या सर्जनचा त्या लेन्सवर हात किती बसलेला आहे, हे जास्त मोलाचं.

आता तक्ता हातात घ्या

आता तुम्हाला प्रकार ठाऊक आहे. मग प्रश्नही नेमके विचारता येतात. लेन्सची कंपनी आणि मॉडेल कोणतं? बॉक्सवर छापील कमाल किंमत किती? सांगितलेल्या पॅकेजमध्ये तपासण्या, थेंब, नंतरच्या भेटी धरल्या आहेत का? छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि बॉक्स पाहायला मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीतल्या दोन ओळी शोधा : मोतीबिंदूसाठीचा प्रतीक्षाकाळ आणि एका डोळ्यामागे मिळणारी कमाल रक्कम. मल्टिफोकल किंवा टोरिकचा जास्तीचा खर्च बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. मंजुरी आणि मंजूर रक्कम ऑपरेशनआधी लेखी घ्या.

पैशांची अडचण असेल तर ऑपरेशन पुढे ढकलत बसू नका. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत लेन्ससह मोफत ऑपरेशन होतं. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात चौकशी करा. मुंबईत जे. जे., पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय आहेच. ट्रस्टची नेत्र रुग्णालयंही सवलतीत किंवा मोफत करतात. कर्ज काढून मल्टिफोकल बसवण्यापेक्षा तिथली मोनोफोकल आणि वाचायचा एक चष्मा मला कितीतरी बरा वाटतो.

सही करण्याआधी

सर्जनना एवढं नक्की विचारा : ऑपरेशनमध्ये पिशवी फाटली तर कोणती लेन्स बसवणार? हे क्वचित होतं, पण झालं तर ठरलेली मल्टिफोकल किंवा टोरिक बसवता येईलच असं नाही. पर्यायी लेन्स तयार हवी, आणि लेन्स बदलली तर पैशांचा फरक परत मिळणार का, हेही आधीच बोलून घ्या. ऑपरेशनच्या टेबलावर नाव, डोळा आणि लेन्सचा नंबर तपासतात. तुम्हालाही विचारतील. डोळ्यांवर कापड असलं तरी आपलं पूर्ण नाव आणि कोणता डोळा ते स्पष्ट सांगा. "हो हो" म्हणून मोकळे होऊ नका.

नंतर

लेन्सच्या बॉक्समधले स्टिकर असतात, त्यांतला एक डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर आणि अनुक्रमांक असतो. कार्डाचा फोटो काढून मुलांच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तो लागतोच.

पहिल्या काही दिवसांत दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. रविवार असला तरी त्याच दिवशी दाखवा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर काही तासांचा उशीरही महागात पडतो.

चष्म्याचा पक्का नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढतात. त्याआधी दुकानातून चष्मा करून घेऊ नका. शून्यावर ठेवायचं ठरलं तरी अर्ध्या नंबरापर्यंत फरक राहू शकतो, त्याला चूक म्हणत नाहीत. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर वाटायला लागलं तर बहुधा लेन्समागची पिशवी धुरकट झालेली असते. मोतीबिंदू परत होत नाही. याग लेसरने काही मिनिटांत ती मोकळी करतात, कापाकाप नसते. मात्र मल्टिफोकल मानवत नाही म्हणून ती बदलायचा विचार मनात असेल, तर आधी तो निर्णय घ्या आणि मगच याग करा. याग झाल्यावर मागची पिशवी उघडी पडते आणि लेन्स बदलणं बरंच जोखमीचं होतं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन शक्य असेल तर पहिला डोळा स्थिरावल्यावर ठरवा. पहिल्या डोळ्याचा नंबर अपेक्षेपेक्षा किती सरकला ते सर्जनला तेव्हा कळलेलं असतं आणि दुसऱ्याचा हिशोब त्यावरून सुधारता येतो. पहिल्या डोळ्याने वाचायला, रात्री चालायला, टीव्ही पाहायला कसं वाटतं ते तोपर्यंत तुम्हालाही कळलेलं असतं. पहिल्या वेळी लिहिलेल्या कागदावर तेवढं खाली लिहून पुन्हा सोबत न्या.